भांगाच्या भरतीत वसई

सरावलीत राहणाऱ्याला तारापूर म्हटलं की आधी एमआयडीसी आठवते, मग १९६९ साली सुरू झालेलं अणुवीज केंद्र. तारापूरचा किल्ला आठवलाच तर शेवटी. तरी बोईसरहून चिंचणी-तारापूरच्या रस्त्याला लागलं की तासाभराच्या आत माणूस एका रणभूमीवर उभा असतो. १७३९ च्या जानेवारीत या खाडीच्या तोंडाशी मराठे आणि पोर्तुगीज समोरासमोर भिडले आणि पुढे चार महिन्यांत पोर्तुगिजांचा जवळजवळ सगळा उत्तर प्रांत, म्हणजे आपल्या कागदपत्रांतलं फिरंगाण, कोसळला. वसईच्या शरणागतीची तारीख १६ मे १७३९. तिथून मागे मोजत गेलं तर एकेक गाव, एकेक बुरूज, एकेक माणूस कसा पडत गेला ते दिसतं. मी ते तसंच मोजणार आहे. आमच्या भागातल्या मुलांना वसईचा विजय पाठ असतो. त्या विजयात कोण कुठे पडलं आणि कोण कुठे पुरलं गेलं, हे मात्र त्यांना कोणी दाखवत नाही.

वेळेसाठी मी या किनाऱ्याचंच घड्याळ वापरलं आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब सातपाटी-मुरब्याच्या मच्छीमारांना तोंडपाठ असतो. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगात पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. वसईचे शेवटचे चार दिवस वैशाख शुद्ध षष्ठी ते नवमी, म्हणजे पुरते भांगाचे होते.

उरले सव्वीस महिने

१७३७ च्या मार्चअखेरीस मराठ्यांनी ठाणं घेतलं. तिथला किल्ला तेव्हा बांधून पुरा झालेला नव्हता. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ कित्येक वर्षं पेशव्यांच्या मागे लागले होते, कारण फिरंगाणातल्या हिंदूंवरची धर्माची सक्ती त्यांनी स्वतःच्या अंगावर सोसली होती. ठाणं पडलं आणि साष्टी बेट पोर्तुगिजांच्या हातचं गेलं. त्याच हंगामात मनोर आणि आजूबाजूचे डोंगरी कोटही मराठ्यांकडे आले. पालघरहून मनोरला जाताना वाघोबा खिंडीत थांबून वर पाहिलं तर काळदुर्गाचा कातळ दिसतो. त्या डोंगरावरून सगळा किनारा नजरेखाली येतो, म्हणून ज्याच्या हाती काळदुर्ग त्याला माहीम-केळव्याच्या समुद्रातली हालचाल दिसणार.

वसईवरचा पहिला हल्ला मात्र फसला. पावसाळा आला आणि लढाई थांबली. सगळ्या मोहिमेत ही एकच मुदत कोणाला टाळता आली नाही. ज्येष्ठ लागला की समुद्र बंद, वाटा चिखलात आणि देशावरून आलेली फौज रोगराईत.

उरले सोळा महिने

केळवे-माहीमला वेढा घातलेल्या मराठ्यांवर १७३८ च्या आरंभी समुद्रातून आलेली कुमक तुटून पडली. मोर्चे उधळले गेले. सरदारांपैकी महादजी केशव तिथे पडले, रामचंद्र हरी पटवर्धन जखमी झाले. पुढे पोर्तुगिजांनी अशेरीचा किल्लाही परत घेतला. विजयाच्या गोष्टी सांगताना हे पान बहुतेक गाळलं जातं. माझ्या मते मोहीम समजायची असेल तर हेच पान आधी वाचावं. ज्याच्या गलबतांना खाडीत येता येतं त्याचा कोट नुसत्या जमिनीवरच्या वेढ्याने पडत नाही, हे मराठ्यांना इथे रक्त देऊन कळलं. पुढच्या वर्षीचा सगळा बेत या धड्यावर उभा आहे.

केळव्याला सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. सुरूच्या बनाला लागून वाळूत बुडालेला एक छोटा कोट आहे आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यातला पाणकोट. भरतीला पाणकोटाभोवती पाणी असतं. किनाऱ्यावर उभं राहून त्याच्याकडे बघितलं की समुद्रातून येणारी कुमक रोखणं किती अवघड होतं ते उमगतं.

उरले साडेपाच महिने

१७३८ चा डिसेंबर. ठाणं परत घ्यायला निघालेला पोर्तुगीज सेनानी पेद्रू द मेलो तोफेच्या गोळ्याने मेला. मुंबईकर इंग्रजांनी या चढाईची खबर ठाण्याच्या मराठ्यांना आधीच दिली होती. दोन्ही युरोपीय सत्ता ख्रिस्ती, शेजारी, मुंबई तर पोर्तुगिजांनीच इंग्रजांना आंदण दिलेली, पण साष्टीच्या भांडणात शेजारधर्म उरला नव्हता. याच सुमाराला बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजी आप्पा मोठी फौज घेऊन घाटाखाली उतरले. गोव्यात मराठे सरदार व्यंकटराव घोरपडे साष्टीत (तिकडच्या, मडगावच्या साष्टीत) घुसणार होते. म्हणजे गोव्याहून वसईला माणूस निघू नये आणि निघालाच तर त्याला मागे घराकडे बघावं लागावं, अशी ही दुहेरी गाठ मारली होती.

उरले चार महिने

१७३९ चा जानेवारी आमच्या भागाचा. माहीम पडलं, केळवं पडलं, शिरगाव पडलं. शिरगावचा किल्ला आज या पट्ट्यातला सगळ्यांत नीट उभा असलेला. त्याच्या तटावरून चालता येतं, बुरुजावरच्या घुमट्या बघता येतात आणि समोर समुद्र. सहलीला आलेली मुलं तिथे लपाछपी खेळतात. खेळू देत. फक्त कोणीतरी त्यांना सांगावं की या तटावरचे पहारेकरी जानेवारीच्या त्या आठवड्यात दक्षिणेकडे, माहीमच्या दिशेला धूर बघत उभे असणार आणि पुढची पाळी आपली हे त्यांना कळलं असणार.

मग तारापूर. चिमाजी आप्पा स्वतः इथे होते.

किल्ला चौकोनी, तट सुमारे तीस फूट उंच, भिंतीची जाडी दहा फुटांच्या घरात. एका अंगाला खाडी, पलीकडे चिंचणी. असा तट चढून घेणं म्हणजे वरून पडणाऱ्या गोळीत, उकळत्या तेलात आणि दगडांत माणसं ओतणं. म्हणून सुरुंग. आधी तटापासून लांब, तोफेच्या टप्प्याबाहेर मोर्चा बांधायचा. तिथून नागमोडी चर खणत पुढे सरकायचं, कारण सरळ चर खणला तर वरून एकाच गोळीत अख्खी रांग जाते. खंदक गाठला की जमिनीखालून बुरुजाच्या पायापर्यंत भुयार, त्यात दारूची पिंपं, मागे माती ठासून बंद, आणि बत्ती. किनाऱ्याच्या भुसभुशीत जमिनीत हे काम फार जोखमीचं. चार हात खणलं की खारं पाणी लागतं, भुयाराची बाजू ढासळते, दारू सर्द होते. खणणाऱ्यांची नावं कोणत्याही बखरीत नाहीत.

सुरुंग उडाले आणि तटाला खिंडार पडलं. खिंडारावर आधी चढलेल्यांत बापूजी भिवराव, रामचंद्र हरी, यशवंतराव पवार आणि तुकोजी पवार होते. रामचंद्र हरी म्हणजे वर्षापूर्वी माहीमला जखमी झालेले तेच. जखम भरून माणूस त्याच किनाऱ्यावर, त्याच शत्रूच्या तटावर पुन्हा चढला. आत हातघाईची लढाई झाली. गडकरी शेवटपर्यंत हटले नाहीत. चिमाजी आप्पांनी शत्रूच्या या शौर्याची कबुली आपल्या पत्रात दिली आहे, आणि ही कबुली मला त्या विजयाइतकीच मोलाची वाटते.

बापूजींचे भाऊ बाजी भिवराव रेठरेकर तारापुरात गोळी लागून ठार झाले. पेशव्यांच्या घरातून त्यांच्या आईला सांत्वनाचं पत्र गेलं. एका आईला पत्र गेलं, म्हणून आज आपल्याला बाजींचं नाव माहीत आहे. त्या दिवशी खिंडारात पडलेल्या बाकीच्या शिपायांच्या घरी बातमी कशी गेली असेल? कोणी तरी परत आलेला गाववाला पारावर बसून सांगणार, किंवा कोणीच नाही, आणि घरातलं माणूस आषाढापर्यंत वाट बघून मग समजून जाणार.

तारापूरचा किल्ला पुढे विकाजी मेहेरजी या पारशी घराण्याकडे इनाम गेला. आत आज वाडी आहे, झाडं आहेत, विहिरी आहेत. मालकी खासगी असल्यामुळे विचारल्याशिवाय आत शिरू नये. बाहेरून तटाला प्रदक्षिणा घातली तरी पुष्कळ दिसतं. तारापूरला जाणाऱ्याने गाडीतून उतरल्या उतरल्या फोटो काढून परत फिरू नये, एवढी माझी विनंती. तट आणि खाडी यांच्या मधल्या जमिनीवरून पायी चालावं. माणसं तिथे पडली.

उरले अठ्ठ्याऐंशी दिवस

१३ फेब्रुवारीला अशेरीकडे मोर्चा वळला आणि १७ फेब्रुवारीला वसईचा वेढा आवळला गेला. उत्तरेकडची बहुतेक ठाणी आता मराठ्यांच्या हातात होती. माहीमचा धडा इथे कामाला आला, कारण वसईला उत्तरेकडून मदत पाठवणारं जवळचं एकही बंदर शिल्लक नव्हतं. दक्षिणेला धारावी आणि वेसावे गेले. मार्चअखेरीस मानाजी आंग्र्यांनी उरण-करंजा घेतलं.

वसईच्या किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी. उत्तरेची एकच बाजू जमिनीची. तिथे रेमेदियुश आणि सेबास्तियांव हे दोन बुरूज. बाहेर रेमेदीचं चर्च. मराठ्यांचे मोर्चे याच अंगाला लागले आणि याच दोन बुरुजांच्या पायाकडे भुयारं निघाली. आजचा पर्यटक वसई गाव ओलांडून किल्ल्यात शिरतो तो साधारण याच बाजूने, रिक्षात बसून, खाली न बघता.

किल्ल्याच्या आत एक अख्खं शहर होतं. १५३४ पासून दोनशे वर्षं वाढलेलं. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट यांची चर्चं आणि मठ, रुग्णालय, तुरुंग, कारभाऱ्यांचे वाडे. वेढा लागला तेव्हा या शहराने मुंबईच्या इंग्रजांकडे पैसा मागितला. इंग्रजांनी १५,००० रुपये कर्ज दिलं, तारण म्हणून चर्चमधली चांदीची भांडी आणि काही पितळी तोफा घेतल्या. ज्या शहराला वेढ्यात आपल्याच तोफा गहाण टाकाव्या लागल्या, त्याचे दिवस भरले होते.

उरले पंचावन्न दिवस

२२ मार्च १७३९. इराणचा बादशहा नादिरशहा याच्या फौजेने दिल्लीत कत्तल केली. ही बातमी दक्षिणेत पोचली तेव्हा बाजीराव खानदेशात होते आणि त्यांच्या फौजेचा मोठा भाग वसईच्या वाळूत अडकून पडलेला होता. नादिरशहा दक्षिणेकडे वळला तर? आता वसईच्या वेढ्यावर दोन मुदती होत्या, एक आकाशातली आणि एक दिल्लीची. वेढा उठवावा तर दोन वर्षांची माणसं फुकट गेली. चालू ठेवावा तर नर्मदा उघडी. चिमाजी आप्पांनी माझं मस्तक तरी तोफेतून किल्ल्यात पडू द्या असं म्हटल्याची कथा महाराष्ट्रभर सांगितली जाते. ती खरी धरायची गरज नाही. दिल्लीची बातमी आणि जवळ येणारा ज्येष्ठ एवढं लक्षात घेतलं की कथेमागची घाई पुरेशी कळते.

आत वसईत कप्तान मार्तिन्यु द सिल्वेरा मारला गेला. त्याच्या जागी काएतानो द सोझा परेरा आला. दाणा कमी, दारू कमी, आणि उत्तरेच्या तटाखालून रात्री खणण्याचा आवाज.

उरले बहात्तर तास

१३ मे, वैशाख शुद्ध षष्ठी.

आदल्या रात्रीची चंद्रकोर अकराच्या आसपास मावळते. तिथून पहाटेपर्यंत पूर्ण काळोख, म्हणजे सुरुंगवाल्यांचे कामाचे तास. पाऊणपटीने पहाटे साडेचारला भरती. भांगाची असल्यामुळे पाणी वाळूत फार वर येणार नाही, भुयारातली ओल त्यातल्या त्यात कमी. हे कोणी मुद्दाम साधलं असं मी म्हणत नाही. पण त्या किनाऱ्यावर दोन वर्षं काढलेल्या फौजेला भांग आणि उधाण यांतला फरक कळत नव्हता, असं म्हणणं त्याहून अवघड आहे.

सूर्योदय सहाच्या सुमाराला. रेमेदियुश बुरुजाकडचे सुरुंग पेटवले गेले. सगळे एकदम उडाले नाहीत, आणि यातच घात झाला. पहिल्या धडाक्यानंतर खिंडार दिसलं, माणसं ओरडत पुढे धावली, आणि मागे राहिलेला सुरुंग त्यांच्याच पायाखाली उडाला. आपल्याच दारूने आपलीच माणसं गेली. वरून फिरंग्यांनी हातगोळे टाकले, उखळी तोफांतून दगड ओतले. मे महिन्यातला वसईचा दिवस कसा असतो ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. वाळू तापलेली, वारा खारा, जखमीला पाणी द्यायचं तर ते गोडं पाणी मागे गावातल्या विहिरीवरून आणायचं, आणि मधली सगळी जमीन तोफेच्या टप्प्यात.

साडेदहाला ओहोटी, दुपारी साडेचारला पुन्हा भरती. त्या दिवशी वसई पडली नाही.

उरले अठ्ठेचाळीस तास

१४ मे, सप्तमी. भरती पहाटे सव्वापाचला.

दुसरा बुरूज, सेबास्तियांव. काल झालेल्या संहारानंतर आज पुन्हा त्याच खंदकात उतरायला माणसं तयार झाली. या एका गोष्टीपुढे मी दर वेळी थांबतो. हुकूम, पगार, धर्म, इभ्रत, शेजारी उभा असलेला गाववाला, यांतलं नेमकं काय माणसाला दुसऱ्या दिवशी खिंडारात नेतं?

सुरुंग उडाला, बुरूज ढासळला, आणि या वेळी मराठे वर चढून बुरुजावर टिकले. किल्ल्याच्या आतल्या बाजूने पोर्तुगिजांनी तातडीने आडोसे उभारले आणि तिथून मारा चालू ठेवला. एका तटाच्या जाडीएवढं अंतर मध्ये ठेवून दोन्ही बाजू गोळ्या घालत राहिल्या. सव्वाअकराला ओहोटी. समुद्राच्या बाजूने पळ काढायचा तर ओहोटीच्या उथळ पाण्यात किती गलबतं निघणार, आणि निघाली तर बाहेर कोण टपून बसलं आहे, हे आतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

शेवटचे चोवीस तास

१५ मे, अष्टमी. सहाला भरती, बाराला ओहोटी, संध्याकाळी सहाला पुन्हा भरती.

बुरूज गेलेला. पुढचा हल्ला झाला तर तो शहरात शिरणार, आणि शहरात बायका-मुलं, वृद्ध, मठांतले साधू, नोकर, गुलाम. शहर हल्ल्याने पडलं तर आत काय होतं ते त्या काळच्या प्रत्येक शिपायाला आणि प्रत्येक बाईला ठाऊक होतं. दिल्लीची कत्तल तर दोन महिन्यांचीही जुनी नव्हती. काएतानो परेराने पांढरं निशाण चढवलं. दोनशे पाच वर्षांचं राज्य एका कप्तानाच्या सहीवर येऊन थांबलं. या माणसाला पोर्तुगीज इतिहासात फारसा मान नाही. पण शहर कापलं जाण्यापासून त्याने वाचवलं, हे त्याच्या खात्यावर कोणीतरी लिहायला हवं. आणि समोरून तलवार आवरणाऱ्या चिमाजी आप्पांच्या खात्यावरही.

शून्य

१६ मे १७३९, शनिवार, वैशाख शुद्ध नवमी. शरणागतीच्या अटी ठरल्या. शिबंदीने हत्यारांसह, मानाने बाहेर पडावं. कुटुंबांना नेता येईल ती मालमत्ता न्यावी. जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळू द्यावा. निघायला आठ दिवस.

ग्रँट डफच्या इतिहासात या वेढ्यातला मराठ्यांचा आकडा पाच हजारांवर आहे, मेलेले आणि जखमी मिळून. पोर्तुगिजांचा आठशे.

त्यानंतरचे सात दिवस

२३ मेला शेवटचे पोर्तुगीज वसईतून निघाले. त्यांनी उरलीसुरली चांदी नेली, कागद नेले, जमेल तेवढ्या मूर्ती नेल्या. घंटा राहिल्या. त्यांतली एक पुढे भीमाशंकरला गेली, एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, आणि आजही तिथे आहेत. नवस फेडायला चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीचं देऊळ बांधवलं. निर्वासित मुंबईत पावसाळा काढून चौलच्या वाटेने गोव्याकडे गेले.

थडगी कोणालाच नेता आली नाहीत. वसईच्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये आज छप्पर नाही, कमानी आहेत, आणि पायाखालची सगळी जमीन कोरीव शिळांची. घराण्यांची चिन्हं, कवट्या, पोर्तुगीज अक्षरं. जेझुइटांच्या चर्चमध्ये इझाबेल द अगियार या विधवेची शिळा आहे. त्या मठाला तिने सढळ हाताने दान दिलं होतं, २४ जानेवारी १५९१ ला वारली. सेंट जोसेफ चर्चमध्ये पेद्रू गाल्व्हांव या धर्मगुरूची शिळा, मृत्यू १९ मार्च १६१८. त्याने स्वतःच्या खर्चाने ते चर्च दुरुस्त करून घेतलं, आणि वाचणाऱ्याकडे एक प्रार्थना मागितली आहे. लढाईच्या कितीतरी आधी मेलेल्यांची नावं अशी दगडावर आहेत. लढाईत मेलेल्यांची नाहीत. लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडपी याच कमानींत उभी राहतात, फोटोग्राफरचा स्टँड कोणाच्या तरी नावावर टेकलेला असतो. जोडप्यांवर माझा राग नाही. त्यांना ते नाव दिसेल असा एक फलक तरी तिथे असायला हवा.

आणि मराठ्यांचे पाच हजार? या किनाऱ्याला रणात पडलेल्यांसाठी दगड उभा करण्याची जुनी सवय आहे. बोरिवलीच्या एकसरला वीरगळ आहेत. त्यांवर हत्ती आहेत, वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबतं आहेत, समुद्रात बुडणारी माणसं आहेत, वर कैलासात पोचलेला वीर आहे. शिलाहार सोमेश्वर यादवांशी लढताना समुद्रात बुडाला, ती १२६५ च्या आसपासची लढाई या दगडांवर असावी असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे वसईच्या पावणेपाचशे वर्षं आधी इथे समुद्रावर मेलेल्यांसाठी कोणी तरी छिन्नी हातात धरली होती. त्याहून मागे जायचं तर नालासोपाऱ्याचा स्तूप. एप्रिल १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी बुरूड राजाचा कोट नावाचं टेकाड उकरलं, तेव्हा आत दगडी करंड निघाला, त्यात एकात एक ठेवलेल्या धातूंच्या, स्फटिकाच्या, सोन्याच्या डब्या, सोन्याची फुलं, आणि सगळ्यांत आत मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. बुद्धाचं भिक्षापात्र म्हणून ते कोणी तरी एवढ्या जतनाने पुरले होते. वसईच्या मोर्च्यांपासून हा स्तूप काही कोसांवर आहे, आणि त्या अठ्ठ्याऐंशी दिवसांत चिमाजी आप्पांच्या फौजेतली कितीतरी माणसं त्या टेकाडाजवळून गेली असतील, खाली काय आहे हे ठाऊक नसताना.

डहाणू-विरार लोकल २०१३ पासून धावते आहे. बोईसरला सकाळची गाडी धरली तर एका दिवसात नालासोपारा आणि वसई दोन्ही होतात. दुसऱ्या दिवशी तारापूर, शिरगाव, केळवं. शाळांनी सहल नेताना हाच क्रम घ्यावा असं मला वाटतं, आणि वसईच्या किल्ल्यात शिरण्याआधी मुलांना रेमेदीच्या बाजूला, तटाबाहेर, दहा मिनिटं उभं करावं. तिथे एक दगड बसवायला हवा. पुरातत्त्व खात्याने, महानगरपालिकेने किंवा गावकऱ्यांनी वर्गणी काढून, कोणीही. त्यावर १३ आणि १४ मे १७३९ या दोन तारखा असाव्यात, पाच हजार आणि आठशे हे दोन्ही आकडे एकाच ओळीत, आणि बाजी भिवरावांचं नाव तारापूरच्या तटाबाहेरच्या वेगळ्या दगडावर, भाऊ बापूजींसह.

जागा निवडताना उधाणाची भरती कुठवर येते ते आधी तिथल्या एखाद्या जुन्या मच्छीमाराला विचारून घ्यावं.